ज्या वर्षी आम्ही सोयाबीन पेरलं

"मध्ये वर्षभर फिट आलीच नाही, म्हणता. ते वर्ष कोणतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी आठवत होते, पण साल काही आठवेना. शेजारच्या खुर्चीवर माझे मालक, दिवाकर, बसले होते. ते म्हणाले, "आमी सोयाबीन पेरलं होतं ना साहेब, त्या वर्सी."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "सोयाबीनचा आणि फिटचा काय संबंध?"

"संबंध नाही जी. आठवाले सोपं जाते म्हनून सांगतलं. कापसाचा भाव पडला होता. सारे म्हनत सोयाबीन पेरा, तं पेरलं. एकच वर्स."

हे नागपूरचे न्यूरॉलॉजिस्ट होते. न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदूचे आणि नसांचे आजार बघणारा डॉक्टर. बाहेर बाकांवर माणसं दाटीने बसली होती. मला वाटलं, आता हे विषय सोडतील आणि पुढच्या माणसाला बोलावतील. पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"कापूस लावला नाही, की घरात काय काय बदलतं? तुमच्या कामात, खाण्यात? नीट आठवा."

"पऱ्हाट्या नसतात," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"कापूस वेचून झाला की झाडाच्या काड्या उरतात. त्या उपटून घरी आणतो, चुलीत जाळतो. सोयाबीनचं कुटार ढोरं खातात, त्याचं जळण होत नाही. आधीचा ढीग पावसात भिजून सडला होता. मग वर्षभर पाणी तापवायला काही नव्हतं. स्वयंपाकापुरतं सरपण कसंबसं पुरायचं."

डॉक्टर माझ्या फाईलची मागची पानं चाळू लागले. मग एकेक प्रश्न सावकाश आला.

"फिट येते तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"न्हाणीत."

"दर वेळी?"

"हो."

"डोक्यावरून पाणी घेताना?"

"हो. न्हायच्या दिवशीच."

"आणि जळण नव्हतं त्या वर्षी कसं न्हायचात?"

"गंगाळ उन्हात ठेवायचो. न्हाईपर्यंत पाणी निवलेलंच असायचं."

त्यांनी माझी फाईल मिटली. "याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात," ते म्हणाले. "एपिलेप्सी म्हणजे फिट येण्याचा आजार, मिरगी. काही माणसांच्या मेंदूत, डोक्यावर कढत पाणी पडलं की विजेचा लोळ उठल्यासारखं होतं. एरवी काही नाही. फक्त तेवढ्यानेच."

दिवाकरना हसू आलं. "पान्यानं? साध्या पान्यानं?"

"साध्या नाही. गरम."

मी हसले नाही. मला रडूही आलं नाही. इतकी वर्षं माझ्या मागे जे लागलं होतं ते भूत नव्हतं, शाप नव्हता, की माझं मन कमजोर आहे असंही नव्हतं. ते गंगाळभर पाणी होतं. हे डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला.

ज्यांच्या घरी एखादी सून, मुलगी, बहीण न्हाणीत पडते आणि कोणाला कारण कळत नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी शिकलेली म्हणाल तर बारावीपर्यंत. घरी शिलाई मशीन चालवते. जे घडलं ते सांगता येईल तसं सांगते.

माझं माहेर उमरखेड तालुक्यातलं. लग्न होऊन मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आले. माहेरी अंगणातच विहीर होती. आम्ही बहिणी उन्हाळा असो की हिवाळा, विहिरीच्या पाण्याने न्हायचो. सासरी घराच्या मागे पऱ्हाट्यांचा छपराएवढा ढीग असायचा. माझ्या सासूबाईंना, त्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, एकच शौक होता. घरातल्या प्रत्येकाने चांगल्या कढत पाण्याने आंघोळ करावी. त्यांना मुलगी नव्हती. माझे केस लांब होते. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला न्हाणीत बसवलं, स्वतः शिकेकाई लावली आणि म्हणाल्या, "डोये मीट व माय, लय गरम हाये." आणि गडव्याने पाणी ओतू लागल्या.

माझे कोणी इतके लाड केले नव्हते. आम्ही माहेरी चौघी बहिणी, आईला कुठली सवड.

पहिल्या काही शुक्रवारी काही झालं नाही. मग थंडी पडली, पाणी आणखी कढत झालं, आणि एका सकाळी ते पहिल्यांदा आलं.

कसं यायचं ते नीट सांगते, कारण डॉक्टरांना नेमकं हेच हवं असतं आणि आपण नेमकं हेच सांगत नाही. तीन-चार गडवे डोक्यावर पडले की बाहेरचे आवाज लांब जायचे. बाईंचं बोलणं ऐकू यायचं, पण शब्द कळायचे नाहीत. पोटातून काहीतरी वर चढायचं, झोक्यावर चढतं तसं. आणि मग एक अंगण दिसायचं.

दिसायचं म्हणणं बरोबर नाही. मी तिथे असायचे. चुन्याने पोतलेली बुटकी भिंत, दिवस कलता झालेला, ओसरीवर कोणी नाही. मी ते अंगण कधी पाहिलेलं नाही. ना माहेरचं, ना आजोळचं, ना सासरचं. पण तिथे गेलं की वाटायचं, हेच आपलं घर. इतके दिवस आपण कुठे होतो? आणि आत कोणीतरी आहे, ते आता दारात येईल आणि मला हाक मारेल. तो आवाज मला ठाऊक आहे. आता ऐकू येईल, आता...

आणि तिथेच सगळं तुटायचं.

शुद्धीवर आले की अंग कोरडं केलेलं असायचं आणि मी खाटेवर असायचे. बाई सांगायच्या, "तू गडवा धरून नुसती घासत होती. हाका मारल्या तं पाहे बी ना. तोंड चाखल्यावानी करे." डोकं दुखायचं. दुखण्यापेक्षा वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती हाक ऐकायची राहून गेली, याचं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, सुई दिली. यवतमाळला एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे आडवे फोटो. त्यात काही निघालं नाही. मग ईईजी झाला. त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात. तोही साफ. "टेन्शनमुळे होतं, घरात काही कुरबुर आहे का?" असं त्यांनी दिवाकरना बाहेर घेऊन विचारलं. फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन मी दिवसभर पेंगायचे, मशीनवर सुई बोटात जायची. आणि शुक्रवारी न्हाणीत पुन्हा तेच.

मी डॉक्टरांना न्हाणीत पडते हे सांगत होते. पण न्हाणीत शेवाळ असतं, बाया घसरतात, असंच सगळे समजले. गरम पाण्याचं बोलावं हे मलाही कधी सुचलं नाही. गरम पाणी ही काय सांगायची गोष्ट आहे?

दरम्यान आमची मुलगी झाली. बाळंतपणात मला रोज डोक्यावरून कढत पाणी, आणि रोज नाही पण दिवसाआड फिट. एकदा पाणी ओतणाऱ्या बाईंचा हात धरून मीच आणखी ओतायला लावलं, असं त्या सांगायच्या. मला ते आठवत नव्हतं, पण खरं असणार. शेवटी शेवटी तर पाणी जरा निवलं की मी म्हणायचे, बाई, अजून गरम करा. अंगणाची भिंत दिसली की थांबावं असं वाटायचंच नाही.

गावात बोलणं सुरू झालं. दिवाकरचे काका एकदा बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "फिटवाली पोरगी गळ्यात घातली. तिच्या बापाच्या घरी नेऊन घाला, लेकरू ठेवून घ्या." दिवाकर मोठ्यांपुढे बोलत नसत. पण बाई आतून आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माही सून हाये. मी पायतो काय करायचं ते." एवढंच. तरी त्यानंतर बाळाला मांडीवर देताना त्यांचा हात जरा अडखळायचा. मी ते पाहायचे.

मग कापसाचे भाव फारच पडले. पहिली वेचणी घेऊन गेलेली गाडी तशीच परत येऊ लागली. कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगा, माणसं गाडीखालीच झोपायची. गावात कोणी हसून बोलेना. म्हणून पुढच्या हंगामाला आम्ही सोयाबीन पेरलं. आणि माझी फिट थांबली.

बाईंनी एका देवस्थानाला नवस बोलला होता. सगळ्यांनी ठरवलं, नवस पावला. बाई स्वतः पायी जाऊन फेडून आल्या. मलाही तेच खरं वाटलं. मुलगी दिवसभर माझ्याकडे असायची. मी खूश असायला हवं होतं आणि होतेही. पण शुक्रवारी निवलेल्या पाण्याने न्हाऊन उठताना मला चुकल्यासारखं व्हायचं. कोणीतरी दारापर्यंत येऊन परत गेल्यासारखं. हे कोणाला सांगणार?

सोयाबीनमध्येही काही हाती लागलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कापूस लावला. होळीच्या सुमाराला पऱ्हाट्या घरी आल्या. बाईंनी हौसेने चूल पेटवली. त्याच सकाळी न्हाता न्हाता मी न्हाणीतल्या त्या चुलीवर पडले. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तो भाजलेला हात घेऊन आम्ही नागपूरला गेलो. तिथे जे झालं ते वर सांगितलंच आहे.

एक सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी दिवाकरना विचारलं, "हे तुम्हाला नवल वाटतंय ना? डॉक्टरांनाही वाटलं होतं." मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. पहिल्यांदा दूर परदेशात एका मुलाला असं होताना कोणा डॉक्टरने नोंदवलं, तेव्हा तो एखादाच विचित्र प्रकार वाटला. मग आपल्याकडे दक्षिणेत, जिथे तांब्यातांब्याने डोक्यावर कढत पाणी ओतून न्हायची रीत आहे, तिथल्या डॉक्टरांकडे असे लोक येऊ लागले. एक आला, दुसरा आला. त्या डॉक्टरांनी प्रत्येकाला आंघोळ कशी करता ते विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की हे एकट्यादुकट्याचं नाही. "मी काही वर्षं तिकडे शिकायला होतो," ते म्हणाले, "म्हणून मला सुचलं. नाहीतर तुमचं सोयाबीन मीही सोडून दिलं असतं."

मग त्यांनी मला विचारलं, "फिट येताना काही दिसतं? काही वाटतं?"

मी अंगण सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. दिवाकर माझ्याकडे बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो, टेम्पोरल लोब. आठवणींचं आणि ओळखीचं काम तो करतो. तिथे वीज उसळली की ओळखीची भावना जागी होते. याला देजा वू म्हणतात, म्हणजे कधी न पाहिलेलं पाहिल्यासारखं वाटणं. ओळख खरी वाटते. पण ओळखीचं तिथे काही नसतं."

"म्हणजे ते कुठेच नाही?"

"कुठेच नाही." ते हे फार हळू बोलले. "तुम्ही आणखी गरम पाणी मागायचात?"

"हो."

"बरेच पेशंट मागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तोही आजाराचाच भाग आहे. पण आता मागायचं नाही."

उपचार साधा होता. कोमट पाणी. डोक्यावर ओतायचं नाही, ओल्या फडक्याने डोकं पुसून मग हळूहळू. आणि न्हायच्या आधी क्लोबाझाम नावाची गोळी, ती मेंदूला शांत ठेवते. माझ्यासाठी जे ठरवलं ते तुमच्यासाठी असेलच असं नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

बसस्टँडवर राळेगावच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो होतो. दिवाकर तिकिटाचे पैसे मोजत होते. मग म्हणाले, "त्या अंगनात मी असतो का?"

"नाही. कोणीच नसतं. कोणीतरी येणार असतं."

त्यांनी पैसे खिशात टाकले. मग म्हणाले, "मंग मीच येऊन राह्यलो असन. उशीर झाला असन मले."

त्या माणसाने आयुष्यात मला एवढं गोड दुसरं काही म्हटलेलं नाही.

निघताना डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. घरात, नात्यात कोणाला असं होतं का? मी नाही म्हणाले होते. गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली तेव्हा मला माझी कमलमावशी आठवली.

कमलमावशी माझ्या आईची थोरली बहीण. आजोळ ढाणकीजवळच्या खेड्यात. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा ती मामाच्या घरीच असायची. लग्न झालं होतं, पण दोन वर्षांत तिच्या सासऱ्याने तिला आणून घातलं होतं. तिच्या अंगात यायचं. ठरलेल्या दिवशी मामी तिच्यासाठी मोठ्या हंड्यात पाणी कढवायची. ती न्हाऊन ओल्या, मोकळ्या केसांनी ओसरीवर यायची, डोळे कुठेतरी लांब, ओठ हलत. गावच्या बाया समोर बसून विचारायच्या, पोराचं लग्न कधी होईल, ढोर कुठे गेलं. ती काही तरी पुटपुटायची आणि बाया त्याचा अर्थ लावायच्या. आम्हा पोरींना तिची भीती वाटायची. बाकीच्या दिवशी ती साधी, कमी बोलणारी, सगळ्यांची उष्टी काढणारी मावशी असायची.

ठरलेल्या दिवशी. कढत पाणी. न्हाऊन आल्यावर. मी दिवाकरचा हात घट्ट धरला.

माझी फिट थांबल्याला तीन-चार महिने झाले आणि मी आजोळी गेले. मावशी परसात भाजी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पाणी, मेंदू, वीज, गोळी. मला वाटलं होतं, ती खूश होईल. इतकी वर्षं झपाटलेली म्हणून काढली, आता सुटली.

ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे माह्या अंगात कोनी येतच नव्हतं?"

मी तिच्या टोपलीतली भाजी हातात घेतली.

"कोनीच नाही?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही मावशी."

तिने टोपली बाजूला ठेवली. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुला काय वाटायचं गं, तेव्हा?"

"मले एक वास ये," ती म्हणाली. "नव्या लुगड्याचा. अन् असं वाटे का आता गाडी दारात येईन, मले न्याले."

"कोणाची गाडी?"

तिने सांगितलं नाही. माझ्या अंगणाबद्दल मीही तिला सांगितलं. ती ऐकताना मान हलवत होती, जणू त्या गावाला ती जाऊन आली आहे. जगात एवढ्या एकाच माणसाला ते समजू शकत होतं आणि ते माझ्याच आजोळी बसलेलं होतं.

नागपूरच्या त्याच डॉक्टरांना मी मावशीला दाखवलं. तेच निघालं. गोळी सुरू झाली, मामीने हंडा तापवणं बंद केलं. पुढच्या ठरलेल्या दिवशी बाया आल्या तर मावशी म्हणाली, "आता नाही येत बाई." त्या थोडा वेळ बसल्या, चहा पिऊन गेल्या. हळूहळू यायच्या थांबल्या. मामी म्हणायची, ती त्या दिवशी न्हाऊन उगाच ओसरीवर येऊन बसते. मी एक आजार बरा केला होता आणि तिची ओसरी रिकामी केली होती. दोन्ही खरं आहे.

मग एकदा तिने मला बोलावणं धाडलं. मी गेले तर म्हणाली, "नंदे, त्यायले कोनी सांगतलं का?"

"कोणाला?"

"त्यायले." ती पदराचं टोक चिमटीत धरून होती. "का ते भूत नव्हतं म्हनून."

तेव्हा मला कळलं. मावशीचे मालक, गणपतराव, ढाणकीलाच राहायचे. वडिलांनी त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं होतं, मुलंबाळं झाली होती. बाजारपेठेत त्यांचं दोरखंडाचं दुकान होतं. बैलांचे कासरे, दावी, वेसणी. मावशीने त्यांचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती ढाणकीच्या बाजारालाही गेली नव्हती.

आम्ही दोघी गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बैलच कमी झाले होते गावोगाव, कासरे कोण घेणार? एक म्हातारा माणूस गादीवर बसून अंबाडीचा दोर वळत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

"कमल," तो म्हणाला.

मावशी दुकानाच्या पायरीवर बसली. काही बोलेना. मलाच बोलावं लागलं. मी जसं डॉक्टरांकडून ऐकलं तसं सांगितलं. हा मेंदूचा आजार आहे. आमच्या घराण्यात आहे. मलाही आहे. डोक्यावर कढत पाणी पडलं की होतं. बाहेरचं काही नसतं, कोणी लागलेलं नसतं. निवलेल्या पाण्याने न्हालं की काही होत नाही.

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. कोण आलं आहे हे ती ओळखून होती. कपबशी मावशीच्या हातात देताना "घ्या बाई" म्हणाली आणि आत गेली.

गणपतराव दोराकडे बघत होते. "निवलेल्या पान्यानं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"निस्त्या निवलेल्या पान्यानं काही नसतं झालं?"

"नाही."

त्यांनी दोर मांडीवरून खाली ठेवला. मग माझ्याशी नाही, मावशीशी बोलले. "मीच तं तापवून देत होतो तुले. सकाळी उठून. मायले आवडे ना, का बायकोसाठी चूल फुकतो म्हनून. तरी तापवे मी." त्यांनी हाताला चिकटलेले अंबाडीचे तंतू पुसले. "मले वाटे, थंडीत पोरगी गारठली नाही पाह्यजे."

मावशीने चहाचा कप पायरीवर ठेवला. "मालूम आहे मले," ती म्हणाली.

"मले जर कोनी सांगतलं असतं."

"कोनालेच मालूम नव्हतं. कोन सांगन?"

बस्स, एवढंच झालं. कोणी कोणाची माफी मागितली नाही. तिची गाडी त्यांच्याच दाराला जायची होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. निघताना ते उठले, गुडघे दुखत होते तरी स्टँडपर्यंत आमच्यासोबत आले आणि गाडी निघेपर्यंत उन्हात उभे राहिले. मावशी खिडकीशी बसली होती. गाडी वळली तेव्हा म्हणाली, "लय म्हातारे झाले व." आणि मग घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

माझी मुलगी आता मोठी झाली. तिला हा त्रास नाही, तरी मी तिला लहानपणापासून कोमट पाणीच घातलं. मला स्वतःला पुन्हा फिट आली नाही. बाई आता नाहीत. जाईपर्यंत त्या दर शुक्रवारी माझ्या न्हायच्या पाण्यात आधी आपला हात बुडवून बघायच्या. ते डॉक्टर, ज्यांनी एका फालतू वाटणाऱ्या उत्तरावर पेन खाली ठेवलं, त्यांचं ऋण मी कसं फेडणार? तुमच्या घरात असं काही असेल तर डॉक्टरांना सगळं सांगा. कुठे होतं, केव्हा होतं, त्या वेळी हातात काय होतं, शेतात काय पेरलं होतं. क्षुल्लक समजून काही गाळू नका. आणि फिट येताना काही सुंदर दिसत असेल, तर तेही सांगा. ते गेल्याचं दुःख होतं. मला अजून होतं, कधी कधी. त्याने आपण वेडे ठरत नाही.

मावशी त्या दिवसानंतर दर बाजाराला ढाणकीला जायला लागली. मामीने विचारलं तर म्हणायची, दोर आणाले जातो. दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसायची, एक हातभर दोर विकत घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परत यायची. मामाच्या गोठ्यात तेव्हा बांधायला एकही जनावर उरलं नव्हतं.